दोरवाल्यांचा जावई

"फोटो दे," चास्लाव तिकिटाच्या खिडकीत तोंड घालून म्हणाला. "हसरा असला तर बरं. दगडावर हसरा माणूस शोभून दिसतो."

वितोमिरनं आधी रांगेतल्या बाईला नीशचं तिकीट फाडून दिलं, मायक्रोफोन पुढं ओढून प्लॅटफॉर्म तीनवरची गाडी सुटत असल्याचं साऱ्या स्टँडला सांगितलं, आणि मग चास्लावकडं पाहिलं. चास्लाव थडग्यांचे दगड घडवायचा. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले, त्यामुळं बोलण्यात मुलाहिजा नव्हता.

"मी अजून मेलेलो नाही."

"मेल्यावर फोटोला कोण हसतंय? आत्ताच दे. तुझ्या सासऱ्यानं सगळ्या घराचा दगड एकदम सांगितलाय. त्याचं नाव, कोसाराचं, तुझं. जन्मसाल घालतो, पुढं रेघ मारतो, रेघेच्या पुढची जागा मोकळी सोडतो. तुम्ही सावकाश या."

यात वावगं काही नव्हतं. गावातली जाणती माणसं असंच करतात. मागाहून पोरं कुठल्या देशात असतील आणि कुणाला सवड होईल, याचा भरवसा कुणी द्यावा! कित्येक म्हाताऱ्या तर रविवारी जाऊन स्वतःच्याच फोटोवरची धूळ पुसून येतात.

"उद्या बारानंतर अक्षरं खोदायला घेतो," चास्लाव म्हणाला. "परवा मृतांचा शनिवार. म्हातारा म्हणतो, दगड उभा दिसलाच पाहिजे. दिसत तर त्याला काही नाही म्हणा. तर, वितोमिर उझारेविच, साल चौपन्न. बरोबर?"

वितोमिरनं तोंड उघडलं. गेले सात महिने जे सांगायचं होतं ते अगदी जिभेवर आलं. मागं रांगेत कुणीतरी खाकरलं.

"बरोबर," तो म्हणाला, आणि पाकिटातला फोटो काढून त्यानं खिडकीबाहेर सरकवला.

तीस वर्षं तो या खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या सोडत होता, आणि तितकीच वर्षं दुसऱ्याच्या आडनावात राहत होता. जन्मानं तो जोवानोविच. त्याच्या खेड्यात रस्त्यावर उभं राहून जोवानोविच म्हणून हाक मारली तर निम्मा रस्ता वळून बघायचा. उझारेविच मात्र गावात एकच घर. दोर वळणाऱ्यांचं. त्रिफुन उझारेविचला मुलगा नव्हता, एकुलती एक कोसारा होती, आणि तिला मागायला जो येईल त्यानं या घरात राहायचं आणि या घरचं आडनाव लावायचं, ही त्याची अट होती. वितोमिर चार भावांतला तिसरा. कोसारावर त्याचा इतका जीव जडला होता की आडनाव काय, त्यानं कानसुद्धा कापून दिला असता. बापाला विचारलं तर बाप म्हणाला होता, "जा की. जोवानोविच पैशाला पासरी आहेत. एक कमी झाला तर कुणाला कळणारसुद्धा नाही."

बाप हे चेष्टेनं बोलला, पण वितोमिरच्या मनात ते कायमचं रुतून बसलं.

घरजावई झाल्यावर घराण्याचा संतही बदलला. बापाच्या घरी डिसेंबरात संत निकोलाचा सण, इथं जानेवारीत संत स्तेफानचा. संत निकोलाच्या दिवशी वितोमिर डब्यात तळलेला मासा नेऊन खिडकीचं दार लोटून एकटाच खायचा. कुणासाठी ते त्यानं कधी सांगितलं नाही. कोसारानंही कधी विचारलं नाही, पण त्या दिवशीचा मासा ती न चुकता तळून द्यायची.

एवढ्यावर त्याचं आयुष्य निभावलं असतं. पण गेल्या मार्चमध्ये थोरला भाऊ रादोये गेला. मृत्यूचा कागद खेड्यात विजेच्या खांबांवर चिकटवला होता. दुःखी भाऊ जोवानोविच अमुक आणि तमुक, मग मुलं, सुना, मेहुणे, चुलत मेहुणे, आणि अगदी तळाला, शेजाऱ्यांच्या वर, वितोमिर उझारेविच. खांबासमोर उभा राहून त्यानं तो कागद तीनदा वाचला. जो कुणी तो कागद वाचेल त्याला वाटणार, हा कुणी ओळखीपाळखीचा असेल. तेव्हापासून त्याच्या मनानं घेतलं होतं की जगताना जे झालं ते झालं, मेल्यावर तरी आपण आपल्या नावानं झोपायचं.

आणि आज ते सांगायची वेळ आली तेव्हा त्यानं निमूटपणे फोटो काढून दिला.

दुपारी घरी आला तर दारात परकी मोटार. आत दारिंकाबाई नावाच्या एक चष्मेवाल्या विदुषी बसल्या होत्या. आडनावांचा कोश करायला त्या गावोगाव हिंडत होत्या. कोसारानं त्यांच्यापुढं मानाप्रमाणं चमचाभर मुरंबा आणि पाण्याचा पेला ठेवला होता. सत्त्याऐंशीचा त्रिफुन कोटाची सगळी बटणं लावून ताठ बसला होता. मोतीबिंदू पिकून डोळे दुधाळ झाले होते, पण ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचा, "बघण्यासारखं सगळं बघून झालंय."

"हा आला," पावलं ओळखून तो म्हणाला. "लिहून घ्या, बाई. दुसरा उझारेविच. गावात दोनच आहेत, एक मी आणि एक हा."

जत्रेत चांगला बोकड दाखवावा तसा त्यानं वितोमिरकडं हात केला.

"नुसत्या गावात नाही, आजोबा," दारिंकाबाई म्हणाल्या. "मोराव्हाच्या दोन्ही काठांना या वळणाचं आडनाव मला दुसरीकडं सापडलं नाही. दोर वळणारे मात्र शेकड्यानं होते. मग हे नाव तुमच्या एकट्याच्याच नशिबी कसं आलं?"

म्हाताऱ्याची कळी खुलली. ही गोष्ट सांगायला तो नेहमीच तयार असे. "दोरवाला चालतो कसा, माहीत आहे? उलटा. वाख कमरेला गुंडाळायचा, टोक चाकाला अडकवायचं, आणि सूत सोडत मागं मागं जायचं. कुठं चाललोय ते त्याला दिसत नाही, जिथून निघाला तेवढंच दिसतं. आमचा मूळपुरुष असाच पडवीतून मागं मागं येत होता आणि तेवढ्यात सरकारी अंमलदार नावं लिहायला दारात आला. हा धडकला थेट त्याच्या पोटावर! टोपी चिखलात! गल्लीतल्या बाकीच्यांना त्यानं बापाच्या नावावरून आडनावं दिली, म्हणजे हा जोवानचा, तो पेटारचा. आमच्या माणसापुढं मात्र नुसतं लिहिलं, उझारेविच, म्हणजे दोरवाला. रागानंच लिहिलं मेल्यानं."

दारिंकाबाई खळखळून हसल्या आणि लिहून घेतलं. मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला.

"चर्चच्या वहीत एक गंमत सापडली. या घरात मुली फार. नाव टिकलंय ते जावयांच्या जिवावर. तुमचे वडील स्तानोये, त्यांच्यापुढंही 'घरात आलेला' असं लिहिलंय. मूळ आडनाव होतं तिथं ओल येऊन शाई पसरलीये. काय होतं हो ते?"

वितोमिर सासऱ्याकडं बघतच राहिला.

"मला ठाऊक नाही," त्रिफुन म्हणाला. "मुरंबा घ्या ना."

बाई गेल्यावर म्हातारा भिंत चाचपत मागच्या पडवीत गेला. चाळीस पावलं लांब, अरुंद पडवी. इथंच चार पिढ्या मागं मागं चालल्या. नायलॉन आल्यावर धंदा बसला. आता चाक कोपऱ्यात पडलं होतं, आणि आढ्याला लाल मिरच्यांच्या माळा टांगल्या होत्या, त्याही त्रिफुनच्याच हातच्या दोऱ्यांत ओवलेल्या. वितोमिर त्याच्या मागोमाग गेला.

"बाबा, तुम्ही मला तीस वर्षं सांगितलंत की हे रक्ताचं नाव आहे, म्हणून."

"सांगितलं."

"मला खेड्यात माझे भाऊ ओळख देत नाहीत. घरजावई म्हणून चहाच्या टपरीवर अजून टोमणे बसतात. हे सगळं मी गिळलं ते तुमच्या रक्तासाठी?"

"कोसारासाठी गिळलंस. मला सांगू नकोस."

ते खरंच होतं, पण वितोमिर आता थांबणार नव्हता. "मला दगडावर जोवानोविच पाहिजे," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. "आणि हे नाव मी टिकवणार तरी कुणासाठी? नेवेना व्हिएन्नाला गेली, नवऱ्याचं नाव लावून मोकळी झाली. माझ्यामागं कोण आहे?"

म्हाताऱ्यानं एका माळेचा दोर दोन बोटांत धरला आणि पीळ चाचपत तो बोलू लागला, जणू त्या दोराशीच.

"माझा बाप मरताना हेच म्हणाला. माझा हात धरून. म्हणाला, त्रिफुन, दगडावर माझं नाव लाव, माझं. मी हो म्हटलं. आणि नाही लावलं. मी तेव्हा दोरवाल्यांच्या संघाचा प्रमुख होतो. लोक म्हणाले असते, याचा बाप आश्रित होता. लाज वाटली मला."

"काय नाव होतं त्यांचं?"

"त्यानं सांगितलं होतं. दोनदा सांगितलं." त्यानं दोर सोडला. "मी ते विसरायचा लई प्रयत्न केला रे. जमलं. आता गेली दहा वर्षं आठवायचा करतोय, ते नाही जमत."

वितोमिरच्या रागाला जागाच उरली नाही, याचाच त्याला राग आला.

शुक्रवारी साडेअकराला कोसारा स्टँडवर आली. ती कधी येत नसे. धाप लागली होती, डोक्यावरचा रुमाल सुटला होता.

"बाबांनी निरोप दिलाय. चास्लावला सांगा म्हणाले, दगडावर वितोमिरचं जन्माचं नाव असेल ते लाव म्हणावं. पळा."

"आत्ता? अकरा पस्तीसची गाडी आहे."

"अहो, गाडीला माहीत आहे कुठं जायचं ते! तुम्ही पळा."

वितोमिरनं तीस वर्षांत पहिल्यांदा रांग समोर असताना खिडकी बंद केली. चौकीदाराची सायकल मागून घेतली. सत्तावन्न वर्षांचा माणूस नदीकाठच्या रस्त्यानं मारे घंटी वाजवत निघाला, वाटेत कुत्री मागं लागली, आणि त्याला चक्क हसू येत होतं. काय सांगायचं, कसं सांगायचं, ते तो मोठमोठ्यानं घोकत होता. जोवानोविच, चास्लाव. जोवानोविच लिही.

चास्लाव अंगणात बसून रोटी-कांदा खात होता. यंत्र बंद होतं.

"आलास होय बघायला? दुपारसाठी एक तातडीचं मयताचं काम आलं, म्हणून तुमचं सकाळीच उरकलं. सोनेरी रंगसुद्धा भरून झालाय. ये, बघ तरी."

काळा ग्रॅनाइट आरशासारखा. वर त्रिफुन, मग वितोमिर, मग कोसारा. तिघांच्याही पुढं तेच आडनाव, सालाच्या पुढं रेघ, रेघेपुढं मोकळी जागा. आणि आपलाच चेहरा त्याच्याकडं बघून हसत होता.

"बदलता येईल का?"

"काय?"

"आडनाव."

चास्लावनं चावणं थांबवलं. त्याला सगळं समजलं, शाळेपासूनचा दोस्त होता तो. "पूर्ण दगड घासून काढावा लागेल, वितो. तिघंही जातील. उद्या काही उभा राहणार नाही. मग वसंतातच. म्हाताऱ्याला वसंत दिसेल असं तुला वाटतं?"

वितोमिरनं बोटानं ते नाव पुसल्यासारखं केलं. पुसलं जाणार नव्हतंच.

"राहू दे," तो म्हणाला.

घरी म्हातारा फाटकाशीच उभा होता. "पोचलास वेळेत?"

"पोचलो, बाबा. केलं त्यानं तुम्ही सांगितल्याप्रमाणं."

"बरं झालं," त्रिफुन म्हणाला, आणि त्याचे खांदे एकदम सैल पडले. कोसारानं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि ती काही न विचारता आत गेली.

शनिवारी सारं गाव कबरस्तानात लोटलं. कबरींवर रुमाल अंथरून लोकांनी उकडलेले गहू, पाव, भाजलेल्या मिरच्या मांडल्या होत्या, येणाऱ्याजाणाऱ्याला आग्रह चालला होता. नवा दगड बघायला शेजारीपाजारी जमले. त्यांत टपरीवरचे टोमणेवालेही होते. पाद्री आपल्या यादीतली मेलेल्यांची नावं वाचत गेला. त्याच्या यादीत नुसती पाळण्यातली नावं असतात, तो स्तानोये म्हणाला आणि पुढं गेला.

कोसारानं मेणबत्त्या लावल्या. म्हातारा पुढं सरकला. "मला बघू दे," म्हणाला आणि त्यानं दगडावर हात ठेवला.

हे वितोमिरच्या ध्यानातच आलं नव्हतं. या माणसानं सत्तर वर्षं नुसत्या बोटांनी पीळ ओळखला होता.

त्रिफुनची बोटं स्वतःच्या नावावरून गेली. खालच्या ओळीवर आली. वितोमिरच्या नावापुढच्या आडनावावर ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरली, मग थांबली, आणि पुन्हा सुरुवातीला आली. दुसऱ्या खेपेला फार हळू. वितोमिर खाली मातीकडं बघत उभा राहिला.

बोटं तिथंच ठेवून म्हाताऱ्यानं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "वितोमिर जोवानोविच."

कुणी हसलं नाही. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी दगडाकडं पाहिलं, मग म्हाताऱ्याकडं, आणि टोप्या काढल्या.

"छान खोदलंय," त्रिफुन म्हणाला. "आता मला बापाकडं ने."

वितोमिरनं त्याच्या दंडाला धरून त्याला शेजारच्या जुन्या दगडापाशी नेलं. म्हाताऱ्यानं तिथल्या आडनावावरही हात फिरवला, पण वाचलं काहीच नाही. ओठ मात्र हलत होते. वितोमिरनं एक मेणबत्ती लावून त्याच्या हातात दिली आणि वाऱ्याकडं पाठ करून आडोसा धरून उभा राहिला.