आठव्या कॅसेटमधला घुमट

शिवदास केरकराने आठवी कॅसेट लावली नसती, तर त्याचं म्हातारपण डिचोलीच्या बाजारात बिनघोर गेलं असतं. पण काम अर्धवट टाकणारा माणूस तो नव्हे. खोक्यात अकरा कॅसेटी आहेत म्हटल्यावर सातवर थांबणं त्याला जमणारच नव्हतं.

खोकं आलं ते त्याच्या मूळ गावाहून, पेडण्यातल्या केरीहून. तिथल्या बाबली तळकराच्या घरी एक जर्मन दर थंडीत येऊन राहायचा. तो गेल्या वर्षी त्याच्या देशात वारला. त्याच्या मुलीने बाबलीला कळवलं, की बापाची माळ्यावरची पेटी उघडा, आतल्या व्हिडिओ कॅसेटी कुणा जाणत्याकडून संगणकावर घ्या आणि मला पाठवा. झालं होतं असं, की एके काळी तिकडच्या टीव्हीवर रॉकचे कार्यक्रम व्हायचे आणि टेप महाग म्हणून टीव्हीवाल्यांनी स्वतःच त्यातले कितीतरी पुसून टाकले. आता त्यांना शहाणपण सुचलंय. कुणी घरी बसून असा कार्यक्रम भरून ठेवला असेल, तर लोक त्याच्या मागे वेडे होतात. "आपले म्हातारे भजनां गावन गावन मेले, तेंची टेप खय कोण सोधता?" असं म्हणून बाबलीने खोकं मेजावर आदळलं आणि तो गेला.

शिवदासचा जन्म लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगमध्ये गेला होता. खाली दुकान, वर घर. आता शूटिंग पोरं मोबाइलवर करतात आणि शिवदास त्यांच्या आईबापांच्या लग्नाच्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देतो. गोव्याच्या दमट हवेत कॅसेटींना पांढरी बुरशी चढते. स्क्रू काढायचे, फीत हाताने फिरवत स्पिरिटच्या कापसाने पुसायची, मगच व्हीसीआरमध्ये घालायची. तासाभराची कॅसेट उतरवायला तासच लागतो, तिथे कुणाची घाई चालत नाही.

पहिल्या सात कॅसेटी त्याने मजेत पाहिल्या. खांद्यापर्यंत केस वाढवलेले बाप्ये, पायात झाडूसारख्या पँटी, समोर जमिनीवर बसून सिगरेटी ओढणारी पोरंपोरी, आणि मधूनच येऊन काहीतरी बोलून उगाच हसणारा निवेदक. गिटारी अशा किंचाळायच्या की टेबलावरच्या कपातला चमचा थरथरायचा. ही गाणी त्याला अगदीच परकी नव्हती. केरीच्या किनाऱ्यावर गोरे लोक ती वाजवायचे तेव्हा त्याची आई विचारायची, "कुत्री व्याली काय रे थय?" शिवदास लपून ऐकायचा. त्याचा थोरला भाऊ अनंत मात्र लपायचा नाही. गळ्यात घुमट, आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य, अडकवून तो सरळ त्यांच्यात जाऊन बसायचा. हा मेलेला जर्मन त्यांच्यातलाच.

आठव्या कॅसेटीवर कार्यक्रमाच्या नावाखाली तारीख आली, १४ ऑक्टोबर १९८३. बँडने दोन गाणी वाजवली. मग निवेदक काही बोलला, त्यातला एकच शब्द शिवदासला कळला. तो शब्द होता 'गोवा'.

डावीकडून एक माणूस आला. शिवदासला आधी माणूस दिसलाच नाही, घुमट दिसला. मातीचं मडकं, पुढच्या तोंडावर घोरपडीचं कातडं, आणि मागच्या उघड्या तोंडावर डावा पंजा उघडमीट करत होता. मग कॅमेरा जवळ गेला. जिभेचं टोक दातांत धरून, मान कलती टाकून वाजवणारा तो माणूस अनंत होता. चवथीच्या आरतीला केरीत धरायचा तोच ताल त्याने धरला. ड्रमवाला पहिल्यांदा चुकला, हसला, आणि त्याच्या मागून चालू लागला. जमिनीवर बसलेली गोरी पोरं एकेक करून उभी राहिली.

अनंत १९७९च्या जूनमध्ये मेला होता. केरीच्या मसणात त्याला अग्नी शिवदासनेच दिला होता.

शिवदासने कॅसेट मागे नेली, पुन्हा पाहिली. कॅसेट खोटं बोलत नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याला आश्चर्यही वाटलं नव्हतं. जे इतकी वर्षं उशाखाली घेऊन झोपला होता, ते आज उठून समोर बसलं होतं एवढंच.

त्या जूनमध्ये अनंत घरातून गेला आणि दहाव्या दिवशी केरीच्या किनाऱ्याला प्रेत लागलं. चेहरा माशांनी खाल्लेला. फौजदार घाटावरचा, नुकताच बदलून आलेला. नाकाला रुमाल लावून त्याने विचारलं, "हा तुझाच भाऊ, नव्हे?" शिवदास म्हणाला, "न्हय." पेडण्यात 'न्हय' म्हणजे नाही. पण तोच शब्द जरा वर चढवला की 'हो ना?' असाही होतो. फौजदाराला वाटलं, पोरगा आपलाच 'नव्हे' उचलून मान डोलावतोय. त्याने कागदावर लिहिलं, भावाने ओळख पटवली. अक्षर चांगलं ठसठशीत होतं. शिवदासने ते उभ्या उभ्या वाचलं. "सायबा, तसा न्हय," एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण तेवढ्यात बायकांनी सुमंगलाला धरून आणलं, अनंतच्या बायकोला, आणि तिच्याकडे पाहून त्याने कागदाकडे पाठ फिरवली. ती त्याला पहिल्या दिवसापासून आवडत होती, आणि सोडून गेलेल्याची बायको सधवा राहते, तिचं दुसरं लग्न होत नाही. चूक फौजदाराची होती. ती चूक पाळली, वाढवली ती मात्र शिवदासने.

तीन वर्षांनी दोघांनी पेडण्याला जाऊन रजिस्टर लग्न केलं. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लं, असं गाव म्हणाला. गाव काय, दोन दिवस बोलतो आणि तिसऱ्या दिवशी जेवायला येतो. पण गावाच्या तोंडामुळेच ती दोघं केरी सोडून डिचोलीला आली. संसार चांगला झाला. एक मुलगी झाली, तिचं लग्नही झालं. सुमंगलाने त्याला कधी उणं पडू दिलं नाही, आणि म्हणूनच आता तिला हे दिसलं तर आपण संपलो हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

उपाय हाताशी होता. जगात या कार्यक्रमाची दुसरी प्रत नव्हती. कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून तिच्या पाठीवरची प्लास्टिकची पट्टी तोडून ठेवतात, तशी जर्मनाने तोडली होती. त्या खाचेवर सेलोटेप चिकटवला की कॅसेट पुन्हा भरता येते. शिवदासने सेलोटेप चिकटवला. संगणकावर उतरलेलं काढून टाकलं. बुरशीने खाल्ली म्हणून कळवायचं ठरवलं. आता रेकॉर्डचं बटण दाबलं की झालं. आणि इथे तो चुकला. पुसण्याआधी त्याला भाऊ एकदा नीट पाहावासा वाटला. लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली, त्याचा घुमट चांगला ऐकावासा वाटला. त्याने आवाज वाढवला.

दुपारचा एक वाजला होता. बाजार बंद होत होता, शटर अर्धं खाली होतं. वरच्या स्वयंपाकघरात कढी फोडणीला घालताना सुमंगलाच्या पायाखालून तो ताल आला. ताल ओळखायला तिला तोंड बघावं लागत नव्हतं. ती हात न पुसता खाली आली आणि शिवदासच्या पाठीमागे उभी राहिली. तो वळला तेव्हा गाणं संपत आलं होतं आणि अनंत घाम पुसत हसत होता.

"ह्या कधीचा?" तिने विचारलं.

तारीख सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने सांगितली.

सुमंगला खुर्चीवर बसली. रडली असती, ओरडली असती, तर शिवदासला बरं वाटलं असतं. मग तिने पडद्याकडे बघतच हाक मारली, "भावजी."

तीस वर्षांत ती त्याला एकदाही असं म्हणाली नव्हती. लग्नाआधी दिराला म्हणायची, लग्नानंतर 'तुमी' म्हणू लागली. त्या एका हाकेने तिने त्याला घरातून उचलून केरीच्या ओसरीवर नेऊन ठेवलं.

"ह्यो आपल्या पायांनी गेलो," ती म्हणाली. "हसता आसा. तेचा माका आता काय एक करूचा नाय. पण माका सांगा, आपण जाळलो तो कोण?"

"माका काय म्हायत?"

"तिसऱ्या दिसा रेडीची एक बायल इल्ली. मी आत कोपऱ्यात बसलेलंय. तिणां दारात तुमका इचारल्यान, त्या मेलेल्याच्या दंडार मारुती गोंदलेलो होतो काय म्हणान. घोव होडयेर गेलो तो परत येवक नाय, असा सांगी होती. तुमी नाय म्हटलास." ती आता त्याच्याकडे वळली. "होतो काय?"

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण शिवदासच्या मनात हे एवढंच कधी उजेडात आलं नव्हतं. सुमंगला मिळावी म्हणून गप्प बसलो, हे तो स्वतःशी कबूल करायचा. त्या बाईला दारातून परत लावलं, हे त्याने स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्याने खाली बघून सांगितलं, "होतो. डाव्या दंडार."

"उठा," सुमंगला म्हणाली. "स्कूटर काढा."

कढी चुलीवर तशीच राहिली. डिचोलीहून केरीपर्यंत ती मागे बसली होती, पण तिचा हात नेहमीसारखा त्याच्या खांद्यावर नव्हता. केरीला दोघं फेरीबोटीत चढली. नदी भरतीला लागली होती, पाणी काळपट, जड. पलीकडे तेरेखोल, आणि त्याच्यापुढे महाराष्ट्राची रेडी. ती बाई मेलेली असू दे, असं शिवदास मनात म्हणत होता. असं म्हणताना त्याला स्वतःची किळस आली, तरी तो म्हणतच राहिला.

होडीवरून न परतलेल्याचं घर कुठलं, असं माउलीच्या देवळामागे विचारल्यावर ते लगेच सापडलं. ती बाई, शेवंती, दारातच सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडत बसली होती. साठीला टेकलेली, वाळलेली. पण कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईने तो इतकी वर्षं एकदाही उतरवला नव्हता.

तिने दोघांकडे निरखून पाहिलं. शिवदासला तिने ओळखलं नाही. सुमंगलाला मात्र, घर आणि गाव कळताच, ओळखलं. ती धडपडत उठली आणि सुमंगलाचे दोन्ही हात तिने धरले.

"बाय, तुझो घोव मां तो, केरयेक लागलेलो? तू परत संसार केलंस, बरा केलंस." तिचे डोळे भरून आले. "माका तुका एक सांगूचा होता. कितके वर्सां मनात आसा. तुझ्या दारातसून मी परत इलंय ना, तेव्हां ह्या मावलीक मी पाच नारळ दिलंय. तो माझो न्हय, तुझो होतो म्हणान. तू थय रडत होतंस आणि माका बरा वाटला गो. माका माफ कर."

सुमंगलाने आपले हात सोडवले नाहीत. तिने फक्त मान वळवून शिवदासकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांगा."

शिवदास अंगणात उभा होता, आणि त्या डाव्या दंडावरच्या मारुतीचं त्याला आता बोलावंच लागणार होतं.