हिडकलच्या गारठ्यातला उजवा बूट

मी एक जुना होडीबूट आहे, उजव्या पायाचा, आणि मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. न बसो. खरं बोलणारा पुरावे गोळा करत हिंडत नसतो. तुम्ही आपलं गप ऐका, कारण मित्रांनो, मघापासून तुमचे पाय बघतोय आणि मला राहवत नाही. जानेवारीच्या सकाळी हिडकलच्या धरणावर शिडाची होडी शिकायला आलात, आणि पायात काय घालून आलात? पुढच्या रांगेत सँडल. तिच्या शेजारी शाळेचे काळे बूट, वर पॉलिश केलेले. कोपऱ्यातल्या त्या पोरीनं तर आईची चप्पल ओढून आणली आहे. धरणातले मासे तुम्हाला बघून हसत असतील. मला हसूसुद्धा येत नाही.

या शेडमध्ये माझ्या शेजारच्या खुंटीवर जो लटकतो आहे तो माझा डावा भाऊ. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. तो बोलत नाही. बोलायला आयुष्यात काही घडावं लागतं, आणि त्याच्या आयुष्यात जे घडलं ते सगळं माझ्या शेजारी घडलं.

माझा जन्म फार थंड देशातला. तिथं म्हशीनं नाकातून वाफ सोडली की ती गोठून खाली पडायची आणि टणकन वाजायची. गवळी दूध काढायचे नाहीत, तोडून घ्यायचे. अशा मुलखात मला स्पंजासारख्या जाड काळ्या रबरातून कापलं, चिकटवलं आणि घोट्यापर्यंत चेन लावली. अडाणी माणसाला वाटतं, चांगला बूट म्हणजे पाणी आत येऊ न देणारा. छोट्या होडीत पाणी येतंच, मित्रांनो. आलेलं थोडं पाणी आतच धरायचं आणि पायाच्या उबेनं ते गरम होऊ द्यायचं, ही माझी विद्या. तुमच्या त्या सँडलला ही विद्या सात जन्मांत येणार नाही.

पुढं एका जवानाच्या सामानातून मी बेळगावला, कॅम्पात आलो. त्याची बदली झाली तेव्हा घरचं नको असलेलं सामान त्यानं दारात मांडलं. कॅम्पात घरोघरी पाव पोचवणारा भावकू नेमका तेव्हाच आला. उचगावचा माणूस. त्यानं मला उचलून उलटं केलं, आत नाक घातलं आणि म्हणाला, "आमच्या सौम्याला होतील काय हे?" जगभर नाव कमावलेल्या बुटाच्या आत नाक घालणारा पहिला माणूस तो.

सौम्या म्हणजे भावकूची पुतणी. तिची आज्जी मनुबाई सोप्यात बसली होती. मला बघून ती म्हणाली, "बूट हायत का म्हशीची शिंगं?"

"होडीचे हायत आज्जी. पाण्यात घालायचे."

"पाण्यात जाताना माणसं पायातलं काढत्यात. हे घालत्यात व्हय?"

अशा घरात मी दिवस काढले.

आता यात अडचण काय होती ते ऐका. छोट्या होडीत वाऱ्यानं शीड एका बाजूला झुकलं की दुसऱ्या बाजूच्या काठावर बसायचं, तळाच्या पट्ट्याखाली पाय अडकवायचे आणि अंग मागं पाण्यावर झोकून द्यायचं. म्हणजे सगळा जीव त्या दोन पावलांवर. आदल्या जानेवारीत सौम्याची पावलं गार पाण्यानं आणि वाऱ्यानं बधिर झाली. पाय पट्ट्यातून कधी निसटले तेही तिला कळलं नाही. ती पाठीवर पाण्यात पडली आणि होडी तिच्या अंगावर उलटली. शिकवणाऱ्या यशपाल सरांनी तिला बाहेर काढलं. आठ दिवस ताप होता. तेव्हापासून भावकूनं एकच अट घातली होती.

"यंदाच्या शर्यतीत न उलटता आलीस तर पुढं शीक. उलटलीस तर शीड गुंडाळायचं, पुन्हा पाण्याचं नाव काढायचं न्हाय."

"आणि पयली आले तर?"

"पयली न्हाय आलीस तरी चालंल. सरळ ये, म्हंजे झालं."

म्हणून त्या घरात पायताणांची परीक्षा सुरू झाली. असली हलकी जत्रा मी आयुष्यात पाहिली नाही. अंगणात गार पाण्याचं घमेलं. सौम्यानं एकेक जोड घालून वीस मिनिटं त्यात उभं राहायचं, मग बाजेच्या नवारीत पाय अडकवून मागं झुकायचं. पाय निसटला की तो जोड बाद.

पहिला आला गमबूट. शेतात पाणी पाजणारा प्राणी. नळकांड्यासारखा वर उघडा, त्यामुळं त्यात तांब्याभर पाणी गेलं आणि पाय उचलता उचलेना. "पाण्यात पडले तर यातनं पोहू कसं?" सौम्या म्हणाली. गमबूट गेला परत गोठ्यात. मग भावकूनं कुणाचे तरी मिलिटरी बूट आणले. कडक चामडं, लोखंडी खिळ्यांचा तळ, आणि हात हातभर नाड्या. होडीत दोऱ्या आधीच कमी असतात का, की पायालाही बांधून न्यायच्या? नाडी दोरीत अडकली की माणूस शिडाबरोबर वाळत पडतो. तेही बाद.

तिसरे होते पांढरे कॅनव्हास. शाळेच्या पी.टी.चे, अंगठ्याजवळ भोक पडलेले. त्यांच्याबद्दल मी बोलणार नाही. माझी एक पातळी आहे.

आणि मग मी. घमेल्यात उतरलो आणि खरं सांगतो, घमेल्यातल्या पाण्याला वाफ आली. मनुबाईनं त्यात तूरडाळ शिजत घातली असती तर शिजली असती. सौम्या नवारीत पाय अडकवून पार मागं झुकली, तिची वेणी जमिनीला लागली, पण पाय हलला नाही.

"हे घट्ट हायत, काका. टाचेला चावत्यात थोडं."

"घट्टच पायजेत," यशपाल सर म्हणाले. ते त्या दिवशी मुद्दाम बघायला आले होते. "ढिलं झालं की गार पाणी आतबाहेर करतं. फक्त बोटं आत हलतात का बघ. न्हाय हलली तर रक्त अडतं, मग पाय उलटा जास्तच गारठतो."

"हलत्यात."

"मग हेच."

माझ्या डाव्या भावालाही हेच म्हणाले असावेत. मी लक्ष दिलं नाही.

इथं, मित्रांनो, या कथेतलं पाप घडलं. शर्यतीच्या आदल्या दुपारी मनुबाईनं 'चावत्यात' एवढाच शब्द लक्षात ठेवला. आपल्या भागात नवी चप्पल चावली की काय करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिनं एरंडेलाची बाटली काढली आणि आम्हा दोघांना आतून बाहेरून, तळासकट, प्रेमानं चोळलं. वर उन्हात ठेवलं. चामड्याला जे अमृत ते रबराला विष, हे त्या बाईला कोण सांगणार?

सौम्या शाळेतून आली, तिनं मला हातात घेतलं आणि मी साबणाच्या वडीसारखा सटकलो. ती जमिनीवरच बसली.

"आज्जी, काय केलंस गं हे?"

"मऊ केलं की. तुझ्या आज्ज्याच्या चपला मी अशाच मऊ करत होते."

"यातनं पाय निसटणार. उद्या मी उलटणार. आणि मग काका..."

मनुबाईनं हातावरचं तेल पदराला पुसलं, आणि ते काही जाईना. भावकूनं सरांना फोन लावला. सर म्हणाले, साबणानं धुवा, सावलीत उलटे टांगा, बघू. आम्हाला तीनदा घासून परसातल्या शेवग्याला उलटं टांगलं.

आता पुढचं नीट ऐका, कारण इथून माझं मोठेपण सुरू होतं. एखादा भित्रा बूट तेलकट राहिला असता. मी ते सगळं तेल पिऊन टाकलं. एका घोटात. सकाळी धरणावर पोचलो तेव्हा मी कोरडा ठणठणीत होतो. धुकं असं दाट की होड्यांची शिडं कोयत्यानं वाट काढत जात होती. तीन तरंगत्या पिंपांना वळसा घालून परत यायचं, एवढीच शर्यत. दुसऱ्या पिंपाशी वारा फिरला. शेजारची होडी आडवी झाली, तिच्या पलीकडची झाली. सौम्याची होडी इतकी कलली की शिडाचं टोक पाण्याला टेकलं. सौम्या हवेत. होडी आणि ती यांच्यामध्ये फक्त एक गोष्ट होती. मी. पट्ट्यात असा रुतलो की पट्टा ओरडला. पाणी मला गारठवायला आलं, तर मी त्यालाच तापवलं. आजूबाजूच्या माशांना घाम फुटला, ते काठावर जाऊन कल्ल्यांनी वारा घेत बसले. होडी सरळ झाली आणि सौम्या पहिली आली. भावकूनं मला डोक्याला लावलं.

तेव्हा मित्रांनो, शिका. थंडीत होडीत जाताना घट्ट, पण बोटं हलतील असा बूट निवडा. नाड्या नकोत, हुक नकोत, तळ मऊ आणि खरबरीत हवा. परत जाताना घालायचे कोरडे मोजे पिशवीत वेगळे ठेवा. बूट स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा, आणि जीव गेला तरी तेल लावू नका. आणि माझ्यासारख्या कर्तबगार बुटाला दोन वर्षं खुंटीवर कुजवत ठेवू नका, कारण हिडकलच्या लाटा ज्यानं...

"कुठल्या लाटा रं?"

कोण बोललं? लक्ष देऊ नका. तर हिडकलच्या लाटा ज्यानं...

"मीच बोललो, डावा. पोरं ऐकायला लागलीत म्हणून इतका वेळ गप होतो. शर्यतीदिवशी आपण दोघं शेवग्याला उलटं टांगलेलो. तुझ्या टाचेवर कावळा बसलता, आणि तू दिवसभर त्याला हाकलत होतास. सौम्या ते पांढरे कॅनव्हास घालून गेलती. आत मनुबाईनं स्वतःच्या पायातले लोकरीचे मोजे काढून दिलते, वर दुधाच्या पिशव्या बांधून दिलत्या, आणि पोरगी परत येईस्तोवर म्हातारी अनवाणी उंबऱ्यावर बसून होती. पोरगी तिसरी आली, न उलटता. मागनं आपल्याला आणून इथं टांगलं, पण आपण हिडकलच्या पाण्यात कवा उतरलोय रं? आपल्याला ठाऊक हाय ते घमेल्यातलं पाणी."