नऊ मिनिटांच्या भेटी

लोकप्रतिनिधींच्या कचेरीच्या दाराशी एक टेबल, टेबलावर नोंदवही आणि समोरच्या भिंतीवर घड्याळ. टेबलामागे बसणाऱ्या बाईंना सगळे घड्याळबाई म्हणत. कोण किती वाजता आत गेलं, किती वाजता बाहेर आलं, हे लिहिता लिहिता त्यांची बावीस वर्षं गेली होती.

त्या बावीस वर्षांत कायदे तीनदा बदलले. आधी भेटवस्तू लिहायचा नियम आला, तेव्हा लोक भेटवस्तू 'वापरायला' देऊ लागले. मग दुसरा कायदा आला. पगार घेऊन कुणाची बाजू मांडायला येणाऱ्याने आधी नाव नोंदवायचं, पैसे कोण देतं आणि कोणत्या कायद्यासाठी, तेही जाहीर करायचं. नाव न नोंदवता दहा मिनिटं बसला तर वर्षभर दार बंद. झालं! लोक नऊ मिनिटांनी बाहेर येऊ लागले.

त्यांतला सगळ्यांत पटाईत होता बाईंचाच दीर, धाकटा. बाटलीबंद पाणी विकणाऱ्यांच्या संघटनेत तो नोकरीला होता. रिकाम्या बाटल्या कंपन्यांनी परत घ्याव्यात, हा कायदा लांबवणं हे त्याचं काम, आणि संघटनेचं नाव कुठे दिसू नये, ही मालकांची अट. तो नऊ मिनिटं आत बसे, बाहेर येऊन पाणी पिई आणि पुन्हा आत जाई.

बाई लग्न होऊन आल्या तेव्हा धाकटा तिसरीत होता. त्याला घड्याळ कळत नसे. बाईंनी पुठ्ठ्याचं घड्याळ करून स्वयंपाकघरात टांगलं आणि पोळ्या लाटता लाटता मोठा काटा, लहान काटा शिकवले. चुकला तर त्या रागवत नसत, नुसतं म्हणत, "पुन्हा बघ." त्या घड्याळाचं त्याने असं चीज केलं!

सोमवारी तिसरी दुरुस्ती लागू झाली: एकाच दिवसात एकाच कामाच्या भेटींची मिनिटं एकत्र धरायची. परिपत्रक आठवडाभर फलकावर होतं. धाकटा रोज त्याच्यासमोर उभा राहून पाणी पीत होता, पण वाचणार कोण?

"फलक वाचलास?" त्या सोमवारी सकाळी तो आला तसं बाईंनी विचारलं.

"वहिनी, तो फलक वाचून एखादा माणूस शहाणा झालेला दाखवा, मी तुमची वही डोक्यावर घेऊन नाचतो."

"वाच रे. पुन्हा बघ एकदा."

"आल्यावर बघतो," म्हणत तो आत सटकला.

चार फेऱ्या झाल्या. बाईंनी बेरीज केली. चौतीस मिनिटं.

तेवढ्यात लोकप्रतिनिधींचे सचिव बाहेर आले. "बाई, आजच्या चार ओळी राहू द्या. शाई संपली होती म्हणा."

"साहेब, शाई संपली तर मी पेन्सिलनं लिहिते. बावीस वर्षं हेच करतेय."

सचिव तोंड वाकडं करून परत गेले. धाकटा मात्र आता फलकासमोर उभा होता. या वेळी तो खरंच वाचत होता. वळला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता.

"वहिनी, वर्षभर दार बंद म्हणजे नोकरी गेली माझी. पोरीची शाळा, घर… तुम्हीच मला वाढवलंत ना?"

"वाढवलं. सकाळी सांगितलंही."

"एवढं एकदा."

बाईंना फार थकवा आला. उद्या कुणीतरी चौथी पळवाट काढेल, हे त्यांना ठाऊक होतं. मग चौथी दुरुस्ती येईल, तेव्हा वही लिहायला दुसरं कुणी बसेल. लिहून काय होतं, हा प्रश्न त्यांनी कितीदा गिळला होता. पण आज चौतीस मिनिटं झाली होती, आणि चौतीसला नऊ म्हणायला त्यांनी कुणालाच शिकवलं नव्हतं.

त्यांनी चारही ओळी लिहिल्या. शेवटचा रकाना नव्या दुरुस्तीने आलेला: नोंद करणाऱ्याचं भेटणाऱ्याशी नातं. तो कोरा सोडला असता तर कुणाला कळणारही नव्हतं. भरला, तर नात्यातलं माणूस येतं म्हणून दारावरची जागा जाणार आणि निवृत्तीपर्यंत उरलेली चार वर्षं तळघरात जुन्या फायलींच्या धुळीत काढायची. बाईंनी चष्मा पुसला आणि लिहिलं: दीर.

धाकट्याने ते टेबलासमोरून उलटं वाचलं. "हे कशाला लिहिलंत? आता तुमचीही जागा गेली."

"हो."

पाच वाजता वही सचिवांकडे देऊन, घरून आणलेली उशी, डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत भरून बाई बाहेर पडल्या. पायरीवर धाकटा बसला होता.

"ही भेटही लिहिणार का?" त्याने खवचटपणे विचारलं.

"पिशवी धर आधी," बाई म्हणाल्या. "जड आहे."

त्याने ती धरली.