सतरा जोड

मला चिडायला कारण लागत नाही, असं आमच्या टेलिफोन ऑफिसात सगळेच म्हणतात. असेलही. पण एका शब्दावर मी कायमच डोक्यात राख घालून घेत आलो. पळपुट्या. शाळेत त्यावरून एकाचा दात पाडला आणि स्वतःच्या लग्नात एका पाहुण्याच्या अंगावर धावून गेलो. तो शब्द माझ्या आजोबांसाठी होता.

आजोबाही लाइनमनच. लढाई पेटली तेव्हा तारा जोडणारी माणसं कमी पडली, म्हणून सैन्याने त्यांना नेलं. डोंगरमाथ्यावरच्या चौकीत सहा जण होते, आणि तिथून खालच्या तळापर्यंत एकच तार. ती तुटली, तेव्हा जोडायला आजोबांना पाठवलं. तळावरचा फोन काही वाजला नाही. चौकी पडली. आजोबा परत आले नाहीत. मग तळावर बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या कुणीतरी लिहून टाकलं, तार न जोडता पळाला. चौकातल्या दगडावर सहा नावं कोरली गेली. सातवं लोकांच्या तोंडी राहिलं, तेही शिवीसारखं.

त्यांची मुलगी म्हणजे माझी आत्या. तेव्हा आठ वर्षांची होती, आता ब्याऐंशीची आहे. तिने लग्न केलं नाही. शिवणकाम करून धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना वाढवलं, आणि ते गेल्यावर मलाही. या विषयावर मात्र तिच्या तोंडाला कुलूप. मी तणतणत घरी आलो की ती म्हणायची, "जेवून घे आधी." लाजेने बोलत नाही, असं मला वाटायचं. तिचे डोळे मिटायच्या आत हा डाग धुऊन काढायचा, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. कसा, ते देव जाणे.

यंदा माथ्यावर हवामान केंद्र व्हायचं ठरलं. तिथे लाइन न्यायची म्हणून खांबांच्या जागा बघायला मी आणि बारक्या चढलो. बारक्या कामावरचा माझा गेल्या तीस वर्षांपासूनचा जोडीदार, वजन शंभर किलोच्या पुढे. दर वीस पावलांवर तो म्हणे, "खांब इथेच रोवूया. मला टेकायला तरी होईल."

अर्ध्या चढावर दरड घसरून नवी माती उघडी पडली होती. तिथे मला तार दिसली. डांबरी कापडाच्या वेष्टणाची, जुनी, सैन्याची. हातभर उपसली आणि त्यात एक जोड आला. मी तिथेच बसून तो बोटांनी चाचपला.

जोड बघून माणूस ओळखता येतो, हे आमच्या धंद्याबाहेरच्या कुणाला पटत नाही. आजोबा डावरे होते. त्यांचा पीळ उलटा पडायचा. आणि शेवटचं टोक ते आत दुमडून ठेवायचे, पुढे हात लावणाऱ्याला टोचू नये म्हणून. नोकरीला लागलो तेव्हा म्हाताऱ्या मिस्त्रींनी जुन्या इमारतीच्या माळ्यावर नेऊन मला तसे चार जोड दाखवले होते. "हे तुझ्या आजोबांचे. असे करायला शीक."

"बारक्या, आजोबा इथे होते रे," मी म्हणालो.

आम्ही तारेच्या मागे लागलो. न फुटलेले गोळे अजून त्या डोंगरात आहेत, तेव्हा पाऊल बघून टाकायचं आणि गंजलेल्या लोखंडाला हात लावायचा नाही. दुसरा जोड सापडला, तिसराही. प्रत्येकाशेजारी एक खड्डा, गवताने भरलेला. जिथे गोळा पडला तिथे तार तुटली, आणि जिथे तुटली तिथे आजोबा पोचले. मग एका मोठ्या खड्ड्याशी तार तुटलेली निघाली. दोन्ही टोकं जळलेली. जोड नाही.

म्हणजे इथपर्यंत आले आणि इथून पाठ फिरवली? लोक खरंच बोलत होते? मी पक्कड दगडावर आपटली आणि बारक्यावर खेकसलो, "चल खाली. झालं बघून!"

बारक्या धापा टाकत एकटाच वर गेला. थोड्या वेळाने त्याची हाक आली.

"अरे ए रागोबा, वर ये! इथे जोड आहे! उलट्या पिळाचा!"

मी धावतच गेलो. होता. त्याच्या वर आणखी एक.

"डोकं चालव जरा," बारक्या म्हणाला. "खालची तार आधी तुटली असती तर तुझे आजोबा ती न जोडता पुढे गेले असते का? ते पुढे गेल्यावर मागे गोळा पडलाय. तळावर फोन वाजणार कसा?"

पुढे चढत गेलो तसा मी जोड मोजत गेलो. अकरावा तर अगदी उघड्या कड्यावर होता. डोकं लपवायला बोटभर दगड नाही. भर दुपारी, निवांत बसून, मला एका जोडाला दोन मिनिटं लागतात. वरून आग बरसत असताना या माणसाने वेष्टण नीट सोललं, पीळ घट्ट दिला आणि टोक आत दुमडलं. जीव मुठीत धरूनही पुढच्याच्या बोटाचा विचार केला! घाईत उरकलेला जोड एकही नाही. अहाहा, काय माणूस! मी प्रत्येक जोडावर हात ठेवत होतो, आणि बारक्याने कधी टोपी काढून हातात घेतली ते मला कळलंही नाही.

सतरावा जोड माथ्यावर, कोसळलेल्या दगडी भिंतीच्या तोंडाशी. तिथून तार आत ढिगाऱ्यात गेली होती. दगडांच्या फटीतून फोनची पेटी दिसत होती, बाजूला फिरवायचं हँडल. तिच्याशेजारी बुटाचा तळवा. आम्ही तिथेच थांबलो. वारासुद्धा आम्हाला बिचकून वाहतोय असं वाटत होतं.

मग सरकारी माणसं आली आणि त्यांनी तीन आठवडे ढिगारा उपसला. आत सहा नव्हे, सात जण निघाले. सातव्याच्या पट्ट्याला लाइनमनची पक्कड अडकवलेली होती.

त्यांनी मला कळवलं त्या दिवशी मी जिने तीन-तीन पायऱ्या गाळत चढलो. आत्या खिडकीशी बसून बटणं लावत होती. मी बूट न काढताच सगळं सांगून टाकलं. जोड, खड्डा, माथा, सात जण. "आत्या, ते पळाले नाहीत! दगडावर नाव कोरणार आहेत. आता कुणाची बोलायची हिंमत आहे, बघतोच मी!"

तिने सुई कापडात टोचून ठेवली.

"पार वरपर्यंत गेले होते?"

"पार वरपर्यंत."

"त्याच दिवशी गेले? तिथेच?"

"हो, बहुतेक त्याच दिवशी."

ती खिडकीबाहेर बघू लागली. मग म्हणाली, "लोक म्हणायचे ना पळाला, ते मला बरं वाटायचं रे. कुणाला सांगितलं नाही कधी. वाटायचं, पळाले असतील. कुठेतरी दुसऱ्या नावाने राहत असतील. दुसरं घर केलं असलं तरी चालेल. रोज झोपताना मनात म्हणायचे, पळा बाबा, पळा. मागे बघू नका."

मी आयुष्यभर त्या शब्दावरून लोकांशी भांडलो, आणि इथे याच खोलीत आत्याने त्याच शब्दावर चौऱ्याहत्तर वर्षं काढली होती. मी तिच्या पायाशी बसलो.

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणजे आता बाबा गेले, असंच धरायचं ना रे?"

हो म्हणायला मला फार वेळ लागला.