सातव्या खाचेपर्यंतचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. उरणजवळच्या एका लहान बंदरात, धक्क्यापासून चार हातांवर, चिखलात उभी. आधी मी मच्छव्याची डोलकाठी होते. वादळात मोडले, तेव्हा गोटीराम तांडेलानं उरलेला तुकडा इथं रोवला आणि माझ्या अंगावर हात-हातभर अंतरानं सात खाचा पाडल्या. पाणी सातव्या खाचेला पोचलं की मुंबईची लाँच धक्क्याला लागायची. नाहीतर तिनं खाडीच्या तोंडाशी ताटकळायचं. पुढं गोटीराम मच्छवा सोडून लाँच चालवणारा तांडेल झाला, तरी माझाच शब्द मानायचा. मला त्याचा गर्व होता, लपवत नाही.

पंचावन्न साली मासे विकणाऱ्या शेवंताबाईचा एकुलता एक मुलगा जयदेव नैरोबीला फिटर म्हणून गेला. बोटीनं अकरा दिवस लागले. पुढं सात वर्षांनी त्याचं पत्र आलं, ते नामदेव गुरुजींनी धक्क्यावरच वाचून दाखवलं. "आई, आता विमान झालंय. अठ्ठावीसशे मैल, पण सहा तासांत मुंबई. तू हाक मार, मी आलोच."

शेवंताबाईला मैलही कळेनात आणि तासही.

"सा तास म्हंजे एक भरती," गोटीराम म्हणाला.

"इतकाच लांब हाय माजा पोर?" म्हातारी हरखली.

तेव्हापासून माशांची पाटी उतरवून ती माझ्यासमोर बसायची. पहिली खाच बुडाली की पुटपुटायची, "निंगाला." सातवी बुडाली की, "पोचला." असा जयदेव रोज निघायचा, रोज पोचायचा आणि धक्क्यावर कोणी उतरायचं नाही. पत्रात मात्र दरवर्षी पुढचं वर्ष यायचं. मला तिची फार कीव यायची, पण करणार काय?

सहासष्ट साली तिनं अंथरूण धरलं. गुरुजींनी तार केली आणि जयदेव खरंच मिळेल त्या विमानानं निघाला. सहा तासांत मुंबईला उतरला. दुपारी लाँचनं खाडीच्या तोंडाशी आला, तेव्हा ओहोटी लागून पाणी माझ्या पायाशी गेलं होतं. त्याचा पांढरा सदरा मला दिसत होता.

"मी चालत जातो," तो म्हणाला.

"कंबरभर गाळ हाय. होडी पन रुततं," गोटीरामनं त्याचा दंड धरला. "भरती येऊ दे."

धक्क्यालगतच्या घरात शेवंताबाईनं शेजारणीला, पुतळाला, विचारलं, "काठीवर पानी कवरं हाय गो?"

पुतळानं दारातून पाहिलं. माझ्या सातही खाचा कोरड्या होत्या.

"सा खाचा भरल्या, मावशे. आता लाँच लागंल."

"मंग आला तो," म्हातारी म्हणाली आणि तिनं दाराकडं तोंड केलं.

संध्याकाळी पाणी सातव्या खाचेला पोचलं आणि जयदेव उतरला. तिरडी बांधून माणसं त्याच्यासाठीच थांबली होती.

आता माझ्या अंगावर शिंपल्यांसारखी कालवं वाढलीत आणि खाचा कोणी वाचत नाही. त्याचं फारसं दुःख नाही. पण मित्रांनो, तुमची कोणी वाट पाहत असेल, तर विमानाचे तास सांगून त्याला धीर देऊ नका. शेवटचा अर्धा मैल विमान येत नाही. माणूस हिंडतं-फिरतं आहे तोवर निघा. माझ्या नावानं पुन्हा कोणाला खोटं बोलायला लावू नका.