दोन देशांच्या मधलं कुलूप

मी एक कुलूप बोलतोय. पितळेचं, पाच लिव्हरचं. शपथेवर सांगतो, पुढं जे ऐकाल त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. भारत आणि नेपाळ या दोन देशांच्या सीमेला एकदा कुलूप लागलं होतं. ते मी.

आता तुम्ही म्हणाल, एवढी शेकडो कोसांची सीमा आणि तू मुठीएवढा. बरोबर आहे. सबंध सीमेला नव्हतो लागलो, एका बांबूला लागलो होतो. पण बांबू सीमेवरच होता. आणि मी पितळेचा आहे म्हणालो, तेही अगदीच तसं नाही. वरचा मुलामा पितळी, आत लोखंड. एवढं सोडलं तर शपथ कायम.

माझा जन्म अलीगढचा. तिथल्या कारखान्यात शेकड्यानं भावंडं जन्मली आणि गोणीत भरून देशभर पांगली. मी उतरलो बोईसरला, स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात. तिथून बेटेगावच्या एका गोदामाच्या फाटकावर. गोदामात प्लास्टिकची रिकामी पिंपं. रिकाम्या पिंपांना कुलूप कशाला, हा माझ्या आयुष्यातला पहिला गोंधळ. तो अजून सुटलेला नाही.

फाटकाचा राखणदार चंद्रभान. बावीस वर्षं तो त्याच फाटकावर. नेपाळचा म्हणून सगळे त्याला बहादूर म्हणायचे, आणि भेटेल तो विचारायचा, "बहादूर, गावाकडं बर्फ पडलं का?" चंद्रभानचं गाव सपाटीवरचं, भाताचं. त्यानं बर्फ पाहिलं ते चिंचणीच्या बाजारात, पापलेटच्या खाली. पण तो कुणाला दुखवायचा नाही. "पडला साब, गुडघ्याएवढा," म्हणायचा.

त्याची एक सवय होती. मला लावलं की तीनदा ओढून बघायचा. खट्, खट्, खट्. मग एक किल्ली खिशात, दुसरी गळ्यातल्या दोऱ्याला. दुसऱ्या कुणी लावलेल्या कुलपावर त्याचा विश्वास नसे. उघडं फाटक दिसलं की हात शिवशिवायचे. कुणाच्याही अंगणात गेला तरी येताना आगळ सरकवून यायचा.

दुपारी फाटकाच्या सावलीला मंगळी बसायची. बेटेगावच्या पाड्यावरची वारली बाई. टोपलीत दिवसांप्रमाणं भाजी, कधी शेवळं, कधी करांदे. आणि गोदामात पिंपं चढवणारा सुजित, दांडीच्या कोळीवाड्यातला, तिथंच डबा उघडायचा. या तिघांचं बोलणं ऐकून ऐकूनच माझं डोकं फिरलं.

"पासपोर्ट नाय, विजा नाय," सुजित म्हणायचा, "मग सीमेवर कोण काय विचारीत नाय?"

"पूछता है ना," चंद्रभान म्हणायचा. "माचिस है क्या, पूछता है."

"म्हंजे तुमचा देस बिनदाराचा हाय," मंगळी म्हणायची. "न तुमी इथं दाराला राखण बसलाव."

यावर चंद्रभान हसायचा आणि मग इतिहास सांगायला घ्यायचा. दोनशे वर्षांपूर्वी इंग्रज आणि नेपाळचा राजा भांडले, मग तह झाला आणि सीमेची रेघ ठरली. शेताशेतांतून दगडी खांब रोवले. खांबांच्या दोन्ही अंगांना थोडी पट्टी कुणाचीच नाही म्हणून सोडली. तिला तिकडं दसगजा म्हणतात. पुढं इंग्रज गेले आणि १९५० साली दोन्ही सरकारांनी कागद केला: इकडच्यानं तिकडं राहावं, तिकडच्यानं इकडं येऊन कमवावं, कुणी अडवू नये. लोक मात्र कागदाच्या आधीपासूनच येत-जात होते. चंद्रभानच्या आजोळचं घर भारतात आणि विहीर नेपाळात. मामी रोज दोन हंड्यांसाठी परदेशी जायची.

"मग खांब कशाला रोवले?" सुजित विचारायचा.

"म्हैस बांधायला," चंद्रभान म्हणायचा.

सुजितला हे पटायचं नाही, कारण त्याच्या घरातली गोष्ट उलटी. त्याचा काका गुजरातेत ओख्याच्या बोटीवर खलाशी होता. जाळं ओढता ओढता बोट पाकिस्तानच्या पाण्यात गेली आणि काका कराचीच्या तुरुंगात पावणेतीन वर्षं राहून आला.

"त्याला समजला कसा नाय?" मंगळीनं विचारलं.

"पाणी काय बोलतं का मावशे, आता मी दुसऱ्याचा हाय म्हणून?"

मी फाटकावर लोंबकळत विचार करायचो. जिथं दगडाचे खांब आहेत तिथं कुणी अडवत नाही. जिथं काहीच नाही, नुसतं पाणी, तिथं माणूस पावणेतीन वर्षं आत. कुलपाला इतकंच कळतं, की दार असतं, ते लागतं किंवा उघडतं. दोन शेजारी देशांत दार नेमकं कुठं असतं, हे मला कुणी नीट सांगितलं नाही.

पुढं मालकानं फाटकाला नवं मोठं कुलूप आणलं आणि चंद्रभाननं मला आपल्या पत्र्याच्या पेटीला लावलं. गावी निघाला होता. पेटीत आईसाठी साडी, स्टीलचा डबा आणि सुजितनं दिलेले दांडीचे सुके बोंबील. वसईला गाडी बदलून गोरखपूर, तिथून नौतनवा, मग सीमेवरची सोनौलीची कमान. म्हटलं, आता बघू देशाचं दार.

कमानीखालून सायकली चालल्या होत्या, भाजीच्या पाट्या चालल्या होत्या, एक नवरी डोक्यावर पदर घेऊन सासरी चालली होती. चंद्रभानला कुणी काही विचारलं नाही. विचारलं ते मला, तपासणीच्या साहेबानं. "पेटी खोल." किल्ली फिरली, मी उघडलो, झाकण वर झालं आणि साहेब चार पावलं मागं सरला.

"इसमें कौन मरा है?"

"बोंबील है साब. माँ के लिए."

साहेबानं नाक धरून हात हलवला. म्हणजे माणसाला वाट मोकळी, तपासणी पेटीची. तेव्हापासून मी चारदा ती कमान ओलांडली आणि चारही वेळा मीच उघडलो गेलो. दोन देशांत ये-जा करणाऱ्यांत एकटा मीच संशयित होतो.

आता मुख्य गोष्ट. २०२० चा मार्च. चंद्रभानच्या भावाचा फोन आला. आईला धाप लागते, ती म्हणते या खेपेला ये, पुढच्या खेपेचं सांगता येत नाही. चंद्रभाननं पेटी भरली, मला लावलं, तीनदा ओढलं आणि निघाला. वाटेत रोगाच्या बातम्या. सोनौलीला पोचतो तर कमानीखाली लोखंडी अडसर आणि अलीकडं हजार माणसं बोचक्यांवर बसलेली. कुणी म्हणालं, शेतातल्या पायवाटा अजून चालू आहेत. चंद्रभानचं गाव तसंही पायवाटेवरच. पेटी डोक्यावर घेऊन तो तीन तास चालला.

पायवाटेवरही बांबू आडवा टाकलेला. एका टोकाला साखळी, ती खांबाला नुसती गुंडाळलेली. तरणा शिपाई घाम पुसत उभा. शेळ्या खालून जात होत्या, बाया बांबू उचलून जात होत्या. शिपाई ओरडून थकला होता. त्याचं लक्ष पेटीकडं गेलं.

"चाचा, ताला देगा क्या? दो दिन. सरकारी आने तक."

इथं माणूस विचार करतो. चंद्रभाननं केला नाही. बावीस वर्षं जो नीट न लावलेलं फाटक बघून कधी स्वस्थ बसला नाही, तो काय करणार? पेटी खाली ठेवली, मला काढलं आणि शिपायाला समजावून सांगू लागला. साखळीला दोन वेढे द्यायचे, कुलपाचं तोंड खाली ठेवायचं म्हणजे पाणी शिरत नाही. मला लावलं. खट्, खट्, खट्. एक किल्ली शिपायाच्या हातात दिली. मग हात झटकून समाधानानं मान वर केली आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण अलीकडं उभे आहोत.

शिपायानं नजर खाली घातली. "हुकूम है, चाचा."

त्या दिवशी भारत-नेपाळची ती वाट एका नेपाळी माणसानं बंद केली, बोईसरच्या कुलपानं. मला सांगा, यात अडवणारा कोण आणि अडलेला कोण? मी दोघांच्या मधे लटकत होतो, मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावानं आईला सायकलच्या कॅरियरवर बसवून आणलं. दसगजाच्या पलीकडं ती उभी राहिली, काठी टेकून. मधे वीस पावलं. ऐकू कमी येतं म्हणून भावानं फोन तिच्या कानाला लावला, इकडं चंद्रभाननं आपला. वीस पावलांवरची माणसं फोनवर बोलत होती.

"चंदर, वाट कुणी बंद केली रे?" म्हातारीनं विचारलं.

चंद्रभान म्हणाला, "सरकारनं."

मग म्हातारी काठीवर वाकून धापा टाकू लागली. शिपाई पाठ फिरवून दूर बिडी ओढायला गेला. मुद्दाम गेला की सहज, मला कळलं नाही. चंद्रभाननं गळ्यातला दोरा ओढला. दुसरी किल्ली. ती माझ्या पोटात गेली आणि फिरली. आवाजसुद्धा न करता मी उघडलो. तो बांबूखालून गेला, दहा पावलं चालला. म्हातारी दहा पावलं पुढं आली. कुणाच्याच नसलेल्या त्या पट्टीत त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं, तिनं त्याचं तोंड चाचपलं, "वाळलास" म्हणाली. मग तो परत आला, मला लावलं, तीनदा ओढलं.

दोन दिवसांनी सरकारी कुलूप आलं. शिपायानं मला परत केलं. चंद्रभान दीड महिना एका शाळेत इतर अडकलेल्यांबरोबर राहिला आणि मिळेल त्या गाडीनं बोईसरला परतला. तिकडं म्हातारी आषाढात गेली. सीमा पुढं पुन्हा मोकळी झाली. आता तिथं बांबू नाही, बाया हंडे घेऊन जातात, शेळ्याही.

मी सध्या त्याच पेटीला नुसता अडकवलेला असतो, न लावता. खाऱ्या हवेनं मुलामा गेला, आतलं लोखंड दिसतं. मागच्या आठवड्यात मंगळी करांदे सोलता सोलता म्हणाली, "किल्ली तर तुमच्यापाशीच होती ना? मग?" चंद्रभान उठून फाटकाशी गेला आणि बंदच असलेलं फाटक पुन्हा ओढून बघत राहिला.

म्हणून शपथ मोडतो. बांबू खरा, शिपाई खरा, सायकलवरची म्हातारी खरी. किल्ली फिरली हा भाग माझा. ती माझ्या पोटात आली होती, एवढं खरं. मी तयार होतो. पण आपणच लावलेलं कुलूप हुकमाशिवाय उघडायचं कसं, हे बावीस वर्षांत त्याच्या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं. न फिरवताच त्यानं किल्ली बाहेर काढली. म्हातारी बघत होती. तिनं हातानं खूण केली, राहू दे म्हणून, आणि सायकलकडं वळली.

ती दहा पावलं मी रचली. कुलूप असून एकदा तरी वेळेवर उघडलो, असं कुठंतरी सांगितलं जावं म्हणून.

तुम्ही कधी बेटेगावला आलात आणि त्या फाटकाशी चंद्रभान भेटला, तर त्याला किल्लीचं विचारू नका. सीमेचं विचारा. ते तो आनंदानं सांगतो.