शंभर वर्षांची मादी

"एकवीस चालणार नाही," भिंगावरून डोळा न काढता इंजिनियरसाहेब म्हणाले. "नीट बघा, आणखी निघतील."

भिंगाखाली स्टर्जन माशाच्या पंखातल्या काट्याची पातळ चकती होती. झाडाच्या बुंध्यासारखी तिच्यावर वर्षाला एक कडी चढते. साहेबांनी मोजल्या, कासआगानं मोजल्या, मीही मोजल्या. मी खरं तर या मत्स्यबीज केंद्राचा ड्रायव्हर, पण मोजणीला तिसरा माणूस लागतो आणि तिसरा माणूस केंद्रात उरलेलाच नव्हता.

घोटाळा बॅनरचा होता. रश्त शहरात ते आधीच छापून झालं होतं: ‘कास्पियनच्या शंभर वर्षांच्या मातेचे हार्दिक स्वागत’. छापखानेवाला साहेबांचा मेहुणा. त्याला माशांतलं काही कळत नाही, गोल आकडे मात्र आवडतात.

"एक शून्य पुसून टाका, साहेब," कासआगा म्हणाला. "दहा होतील. खोटंच बोलायचं तर थोडं बोलू."

साहेब हसले नाहीत. त्यांची तेहरानला बदली व्हायची होती.

कासआगा तरुणपणापासून या केंद्रात जाळी ओढतोय. पूर्वी म्हणे हंगामात इतक्या माद्या यायच्या की लहान असेल ती शिव्या घालून परत टाकायचे. आता शिव्या उरल्यात. स्टर्जनची मादी पहिली अंडी धरायलाच पंधरा-सोळा वर्षं घेते, आणि त्यानंतरही दरवर्षी धरत नाही. तेवढ्यात माणसाच्या पोरी लग्नाला येतात, आमच्या खात्यात चार साहेब येऊन जातात आणि प्रत्येक साहेब जाताना ‘माशांची संख्या वाढली’ असं भाषण करून जातो. आमच्याकडे खुद्द समुद्रातली, अंडी धरलेली मादी कैक वर्षांत आली नव्हती. ही आली. एकवीस वर्षं चोरांच्या जाळ्यांतून वाचली आणि सरकारच्या जाळ्यात सापडली.

काम सोपं होतं. पोटाला लहानसा छेद द्यायचा, अंडी काढायची, टाके घालून तिला सोडून द्यायचं. पिकलेली अंडी थांबत नाहीत. पण उपमंत्री गुरुवारी येणार होते, आणि छेद त्यांच्यासमोर द्यायचा होता.

"आजच उरकू, साहेब," कासआगा म्हणाला. "गुरुवारी पाहुण्यांना तळ्यात वाढलेली एखादी दाखवा. तिलाच शंभरची म्हणा. तिच्या कड्या कोण मोजतंय?"

"मश्दी, मला कळत नाही का? मी याच्यावरच प्रबंध लिहिलाय," साहेब म्हणाले. मशहदची यात्रा करून आलेल्याला आमच्याकडे मश्दी म्हणतात.

हे खरं होतं. ते अडाणी असते तर मी त्यांना माफ केलं असतं.

कासआगा घरी गेलाच नाही. टाकीशेजारी खाट टाकली, बाजारातल्या मासेवाल्यांकडून बर्फ मागून आणला, पाणी गार राहून अंडी टिकावीत म्हणून थोडा थोडा टाकीत सोडत राहिला. मी चहा नेऊन दिला तर खडीसाखर दाताखाली धरून म्हणाला, "हिच्या वयाची माझी लेक आहे. तीही अशीच, कितीही बोला, उत्तर देत नाही."

गुरुवारी उपमंत्री सकाळी यायचे ते दुपारी आले. वाटेत तीन ठिकाणी त्यांचे सत्कार झाले. ते पोचले तेव्हा मादी उताणी तरंगत होती.

"पांढरी बाजू वर कशी?" त्यांनी विचारलं.

"विश्रांती घेतेय, साहेब. वय झालंय," आमचे साहेब म्हणाले.

उपमंत्र्यांनी मान डोलावली. शंभर म्हणजे काही कमी नाही, असंही म्हणाले. मग त्यांनी वडीलधाऱ्यांचा मान राखण्यावर भाषण केलं आणि बॅनरखाली, मेलेल्या मादीच्या कल्ल्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. छेद दिला तेव्हा आतून अंड्यांचा नुसता चिखल निघाला. टाळ्या वाजल्या, कारण टाळ्या छेदाच्या वेळी वाजवायच्या असं आधीच ठरलं होतं.

जेवणात कबाब होता. कशाचा, ते कुणी विचारलं नाही. उपमंत्र्यांनी दोनदा घेतला आणि ताजा आहे म्हणाले. आचाऱ्यानं कासआगापुढेही ताट ठेवलं. त्यानं भात आणि लसणाचं लोणचं तेवढं ओढून घेतलं.

"खा की, मश्दी," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात विनंती होती.

"माझ्या लहानपणी हा मासा हराम होता, साहेब. खवले नाहीत म्हणायचे. पुढे मोठ्या लोकांना शेपटीपाशी खवले सापडले आणि हलाल झाला. मीही खाल्लाय." त्यानं घास गिळला. "आज माझ्यापुरता परत हराम."

साहेबांनी मग पाहुण्यांसाठी ताक मागवलं.

जेवण झाल्यावर कासआगा स्वयंपाकघरात गेला. आचाऱ्यानं बादलीत टाकलेलं डोकं त्यानं उचललं, अंगातला कोट काढून त्यात गुंडाळलं आणि बाहेर पडला. आमच्या धक्क्याला हल्ली होड्या नाही, गाई लागतात. समुद्र पार मागे सरकलाय. मी पिकअप काढू का विचारलं. त्यानं मानेनंच नको म्हटलं.

वाळू सपाट होती. गाईंनी वाट दिली. डोकं जड असावं, तो मधूनमधून थांबून कोट या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होता. आत उपमंत्र्यांच्या गाड्या सुरू होत होत्या. मला त्या पुढे काढून द्यायच्या होत्या, पण मी उभाच राहिलो. कासआगा पाण्यापर्यंत अजून पोचला नव्हता.